मालाला वाट, माणसाला नाका

चाकणच्या एमआयडीसीतून नव्या गाड्या लादलेला ट्रेलर निघतो, तेव्हा ड्रायव्हरजवळ मालाचे बिल आणि ई-वे बिलाचा नंबर असतो. 50 हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीचा माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायचा असेल तर हे ई-वे बिल लागते. माल दारातून बाहेर पडण्याआधी ते कंपनीच्या ऑफिसातच संगणकावर तयार होते. साधारण 200 किलोमीटरला एक दिवस, अशी त्याची मुदत. मग ट्रेलर नाशिक, धुळे करत मध्य प्रदेशात शिरतो, टोलनाक्यांवर फास्टॅगने पैसे आपोआप कापले जातात आणि वाटेत कुणी अडवलेच, तर नंबर दाखवायचा. कागद आणि माल जुळले की गाडी सुटली.

त्याच गाडीचे नट आवळणारा, रंगाच्या बूथमध्ये उभा राहणारा, गोडाऊनमध्ये पेट्या चढवणारा माणूस पुणे-दानापूर एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात बसून आलेला असतो. बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र, अशी चार राज्ये त्याने ओलांडलेली असतात. गाडीला कुठल्याही सीमेवर कुणी अडवले नाही. भारताच्या घटनेने प्रत्येक नागरिकाला देशभर फिरण्याचा, कुठेही राहण्याचा हक्क दिला आहे, तेव्हा अडवायचे तरी कुणी? पण खरी सीमा त्याला नंतर लागते. ती कुरुळीच्या चाळीत खोली घेताना लागते, मुलाला शाळेत घालताना लागते, रेशनच्या दुकानात लागते आणि पोलीस चौकीत लागते. तिथे प्रत्येक जण विचारतो, "तिकडचा कागद आहे, इकडचा कुठाय?"

या लेखात मला एवढेच मांडायचे आहे: मालाचा कागद मालाबरोबर चालतो आणि माणसाचा कागद गावीच राहतो. आपल्याकडच्या परप्रांतीय मजुराच्या निम्म्या अडचणी या एका गोष्टीत आहेत. आणि ही गोष्ट बदलता येते, कारण मालाच्या बाबतीत ती आपण याच शहरात, आपल्या डोळ्यांदेखत बदललेली आहे.

पिंपरी-चिंचवडच्या जुन्या माणसांना जकात नाके आठवत असतील. शहरात येणाऱ्या प्रत्येक मालावर महापालिका कर घेत असे. नाक्यावर ट्रकांची रांग, हातात पावत्या घेतलेले क्लीनर, खिडकीतला कारकून आणि रांगेबाहेर फिरणारे एजंट. महापालिकेची श्रीमंती या जकातीवर उभी होती, त्यामुळे ती कधी जाईल असे कुणाला वाटत नव्हते. पण गेली. 1 एप्रिल 2013 पासून तिच्या जागी एलबीटी आला आणि 1 जुलै 2017 ला जीएसटी आल्यावर तोही संपला. राज्यांच्या सीमेवरचे विक्रीकराचे नाकेही जीएसटी लागू होताच बहुतेक राज्यांनी बंद केले. आंतरराज्य मालासाठी ई-वे बिल 1 एप्रिल 2018 ला आले. तपासणी गेली नाही, तपासणीची जागा बदलली. आधी माल नाक्यावर थांबून आपला खरेपणा सिद्ध करायचा. आता तो निघतानाच खरा मानला जातो आणि शंका आली तरच थांबवला जातो.

हे का झाले? उद्योगांनी हिशेब मांडला. ट्रक उभा राहिला की डिझेल, ड्रायव्हरचा दिवस आणि भागांची वाट पाहणारी लाइन, या सगळ्याचा खर्च होतो. थांबण्याची किंमत मोजली गेली, म्हणून थांबणे बंद झाले. माणसाच्या थांबण्याची किंमत कुणी मोजत नाही. एक खाडा म्हणजे एक दिवसाची मजुरी, आणि ती जाते ती त्याच्याच खिशातून. मुलाच्या दाखल्यासाठी गावी जाऊन यायचे तर आठवडा मोडतो. ठेकेदाराकडे आठवडाभर गैरहजर राहिलेल्या माणसाची जागा तोवर भरलेली असते.

रेल्वेत याचे एक चित्र आहे. नवीन मोटारी वाहून नेण्यासाठी जे बंद डबे वापरतात, ते पुष्कळदा वय झालेले प्रवासी डबेच असतात. आतली बाके काढून, खिडक्या-दारे पत्र्याने बंद करून, टोकाकडून मोटारी आत घालता येतील असे ते बदलून घेतात. ज्या डब्यात कधीकाळी माणसे दाटीवाटीने बसून आली, त्याच डब्यात आता मोटारी ऐसपैस उभ्या राहून जातात. यात रेल्वेचे काही चुकले असे मी म्हणत नाही. डबा कामी आला हे चांगलेच. पण दानापूरच्या गाडीत सणासुदीला शिरताना होणारी लोटालोट ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या डब्यांकडे पाहून काही तरी वाटल्याशिवाय राहणार नाही.

माल आणि माणूस यांतला हा फरक सर्वांत उघडा पडला तो 2020 मध्ये. 29 मार्च 2020 ही तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. टाळेबंदीला पाच दिवस झाले होते. त्या दिवशी केंद्रीय गृह खात्याने राज्यांना कळवले की आवश्यक आणि अनावश्यक असा भेद न करता सर्व मालाच्या वाहतुकीला परवानगी आहे. त्याच दिवशी त्याच खात्याने दुसरा आदेश काढला: मजुरांचे स्थलांतर थांबवा, जे निघाले आहेत त्यांना वाटेतच 14 दिवस ठेवा. एकाच दिवशी, एकाच खात्यातून मालाला रस्ता मिळाला आणि माणसाला नाका. साथीचा काळ होता, माणसाबरोबर रोग जातो, हे कारण खरे होते. पण माणसाला भूक लागते आणि खोलीचे भाडे चुकत नाही, हेही तेवढेच खरे होते. त्या आदेशात घरमालकांनी महिनाभर भाडे मागू नये आणि मालकांनी पगार द्यावा असेही लिहिले होते. चाकणच्या चाळींत ते किती ठिकाणी पोचले, हे तिथे राहिलेल्यांना विचारावे.

1 मेपासून श्रमिक विशेष गाड्या सुरू झाल्या. गाडीत बसायला काय लागत होते? पोलीस ठाण्यात अर्ज, डॉक्टरचे प्रमाणपत्र आणि ज्या राज्यात जायचे त्या राज्याची संमती. ही संमतीची अट 19 मेला काढली गेली. तोवर माणूस स्वतःच्या घरी जायला स्वतःच्याच राज्याच्या होकाराची वाट पाहत होता. ज्यांना धीर धरवला नाही ते चालत निघाले. आपल्याच राज्यात, जालन्याहून भुसावळकडे रुळांवरून निघालेल्या मध्य प्रदेशच्या 16 मजुरांना 8 मेच्या पहाटे करमाडजवळ गाडीने चिरडले. थकून ते रुळांवरच झोपले होते. प्रवासी गाड्या बंद होत्या, त्यामुळे रुळांवर काही येणार नाही असे त्यांनी धरले असणार. जी आली ती मालगाडी होती.

साथ गेली, गाड्या सुरू झाल्या आणि आपण ते विसरलो. पण नाके उठले नाहीत. ते फक्त रस्त्यावरून टेबलावर आले. मी उर्दू आणि मराठी शिकवते, म्हणून मला सर्वांत जवळून दिसते ते शाळेचे टेबल. त्याविषयी सविस्तर लिहिते.

जूनमध्ये नाव घालायला आलेल्या आईच्या हातात प्लास्टिकची पिशवी असते. पिशवीत आधार कार्डे असतात, लसीचे कार्ड असते, कधी गावच्या मुखियाचे पत्र असते. शाळा सोडल्याचा दाखला बहुधा नसतो. असला तर त्यावर तिकडच्या शिक्षणाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी नसते, आणि परराज्यातल्या दाखल्यावर ती हवी असा आग्रह ठिकठिकाणी धरला जातो. दाखला पश्चिम बंगालचा असेल तर तो बंगालीत असू शकतो. तो वाचणारे इथे कुणी नसते. मग आईला सांगितले जाते, सही घेऊन या. सही कुठून? मालदा किंवा किशनगंजहून. आई मान डोलावते आणि जाते. ती परत येईलच असे नाही. मूल वर्षभर घरी राहते, धाकट्याला सांभाळते, पुढच्या वर्षी एखाद्या गॅरेजवर दिसते.

कायदा मात्र या आईच्या बाजूने आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम 5 सांगते की मुलाला राज्यातल्या किंवा राज्याबाहेरच्या दुसऱ्या शाळेत, म्हणजे सरकारी वा अनुदानित शाळेत, जाण्याचा हक्क आहे. आधीच्या मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यायचा आहे. आणि मुख्य म्हणजे, दाखला यायला उशीर झाला हे प्रवेश नाकारण्याचे किंवा लांबवण्याचे कारण होऊ शकत नाही. कलम 14 प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणूनही पहिली ते आठवीचा प्रवेश नाकारता येत नाही. कलम 4 प्रमाणे मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचे आहे. म्हणजे ई-वे बिलात जे तत्त्व आहे तेच इथे आहे: आधी आत घ्या, कागद मागून जुळवा. मालाच्या बाबतीत ते पाळले जाते, मुलाच्या बाबतीत ते कायद्याच्या पुस्तकात राहते.

आता शाळांचे काम संगणकावर आले आहे. मुलाला एक कायमचा क्रमांक मिळतो, तो देशभर चालावा असा हेतू आहे. हेतू उत्तम आहे. पण जुन्या शाळेने नोंद मोकळी केल्याशिवाय नव्या शाळेच्या यादीत मूल येत नाही. जुनी शाळा हजार-दीड हजार किलोमीटरवर, तिथल्या गुरुजींचा फोन नंबर पालकाकडे नाही. मूल वर्गात बसलेले असते आणि यादीत नसते. यादीत नाही म्हणून पुस्तकाची मोजणी चुकते, शिष्यवृत्तीचा अर्ज भरता येत नाही. या कामात बसलेल्या शिक्षकांना मी दोष देणार नाही. त्यांच्या डोक्यावर माहिती भरण्याचे ओझे आधीच पुष्कळ आहे. पण दोन राज्यांतले शिक्षण खाते एकमेकांशी बोलत नसेल, तर दोन्हींच्या मधले अंतर कापायचे काम सहा-सात वर्षांच्या मुलाच्या आईवर का यावे?

नावाची अडचण तर खास आपल्या लोकांची आहे. महाराष्ट्रातल्या अर्जात नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे तीन रकाने असतात. इथल्या मुसलमानांना त्याची सवय आहे. आपण शेख, पठाण, इनामदार, तांबोळी, मुजावर लिहून मोकळे होतो. बिहारमधल्या मुलाचे नाव नुसते मो. आरिफ असते, वडिलांचे मो. सलीम, बहिणीचे रुखसार परवीन आणि आईचे सलमा खातून. चौघांत सामाईक आडनाव असे काही नसते. अर्ज भरणारा गोंधळतो आणि आडनावाच्या रकान्यात पुष्कळदा 'शेख' टाकून देतो, कारण मुसलमान म्हणजे शेख अशी त्याची समजूत असते. त्या एका शब्दाने मुलाचे नाव आधारशी जुळेनासे होते. पुढे मो., मोहम्मद, मुहम्मद आणि इंग्रजीतले त्याचे चार प्रकार. दहावीच्या अर्जापर्यंत हे चालून जाते आणि दहावीला गळ्याशी येते. तेव्हा राजपत्र, प्रतिज्ञापत्र, एजंट. उर्दूत एकच असणारे नाव देवनागरीत आणि रोमन लिपीत इतक्या तऱ्हांनी लिहिले जाते, याचा अर्थ माणसे बदलली असा होत नाही. एवढी साधी गोष्ट समजून घ्यायला कुठल्या शासन निर्णयाची गरज नसावी.

शाळेबाहेरही हेच. बिहारमधला अन्सारी तिथे मागासवर्गात आहे. महाराष्ट्रात मोमीन, जुलाहा इतर मागासवर्गाच्या यादीत आहेत. कामही एक, जमातही एक. पण तिकडचा दाखला इकडे चालत नाही. अधिवासाचा दाखला हवा तर 15 वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते, आणि वास्तव्य दाखवायला भाडेकरार लागतो. मोशी-चिखलीच्या खोल्यांचे करार तोंडी असतात. 15 वर्षे माणूस राहिला, पाच घरमालक बदलले, कागद एकही नाही.

मतदार यादीचेही तसेच. बिहारमध्ये 2025 च्या पावसाळ्यात मतदार यादीची विशेष फेरतपासणी झाली. 1 ऑगस्टच्या मसुदा यादीतून सुमारे 65 लाख नावे गळली. त्यात मृत आणि दुबार नावे होतीच, पण सुमारे 36 लाख नावे कायमचे स्थलांतरित किंवा पत्त्यावर न सापडलेले म्हणून होती. पत्त्यावर न सापडणे हे तर चाकणच्या मजुराचे लक्षणच आहे. गावी तो 'बाहेर गेलेला' आणि इथे 'बाहेरून आलेला'. दोन्हीकडे बाहेरचाच.

हे सगळे दुर्लक्षापोटी होते असे मानले, तरी एक गोष्ट दुर्लक्षापोटी होत नाही. ती संशयाची. जून 2025 मध्ये मुंबई परिसरातून बांगलादेशी समजून पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना थेट सीमेपलीकडे बांगलादेशात ढकलण्यात आले. ते भारतीय आहेत हे पश्चिम बंगाल शासनाने दाखवून दिल्यावर त्यांना परत आणावे लागले. रोजगारासाठी रेल्वेने देशाच्या या टोकाला आलेला माणूस, स्वतःच्या इच्छेविरुद्ध, परक्या देशात पोचला. त्याच्याकडे आधार होते, पण त्यावर विश्वास नव्हता. आणि भाषा बंगाली, नाव मुसलमानी, एवढा पुरावा पुरेसा ठरला. कागद गावी राहण्याचा परिणाम कुठवर जातो, ते यावरून कळते. शाळेच्या टेबलावर वर्ष जाते. इथे देश जातो.

यावर कुणी म्हणेल, घुसखोर नाहीतच का? आहेत. पिंपरी-चिंचवड परिसरातही बनावट कागदांवर राहणारे बांगलादेशी नागरिक पकडले गेले आहेत, आणि त्यांना कायद्याने परत पाठवणे हे शासनाचे काम आहे. पडताळणीला माझा विरोध नाही. माझे म्हणणे पडताळणीच्या पद्धतीविषयी आहे. ट्रेलर थांबवला तर अधिकारी नंबर घालून मालकाच्या नोंदीशी ताडून पाहतो. ड्रायव्हरच्या बोलीवरून माल चोरीचा ठरवत नाही. माणसाच्या बाबतीत किमान तेवढे व्हावे. त्याच्या जिल्ह्याला विचारा, उत्तर यायला मुदत ठेवा, तोवर त्याला वकील आणि घरी फोन मिळू द्या. न्यायाधीशासमोर न नेता कुणालाही सीमेपार करू नका. बनावट कागद धंदा म्हणून का चालतात, याचाही विचार व्हावा. खरा कागद मिळवणे जिथे महिन्याचे काम असते, तिथे खोटा कागद दोन दिवसांत देणाऱ्याचे दुकान चालतेच.

कागद माणसाबरोबर चालवता येतो, याचा दाखला आपल्याकडे आहे. ऑगस्ट 2019 मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात एकमेकांची रेशन कार्डे चालू लागली. जून 2022 पर्यंत 'एक देश एक रेशन कार्ड' सर्व राज्यांत पोचले. आज अररियाच्या कार्डावर भोसरीत धान्य घेता येते; कुटुंबाचे निम्मे लोक गावी असतील तर त्यांचा वाटा तिकडे आणि इकडच्यांचा इकडे उचलता येतो. अंगठा लागत नाही, मशीन चालत नाही, दुकानदार "परराज्याचा कोटा नाही" म्हणतो, या तक्रारी आहेत. तरीही मूळ गोष्ट घडली. धान्याचा कागद चालू शकतो तर शाळेचा का नाही? महाराष्ट्रात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्डाची कल्पना आधीपासून आहे: मूल जिथे जाईल तिथल्या शाळेने कार्ड पाहून त्याला बसवून घ्यायचे. तीच कल्पना राज्याची हद्द ओलांडून न्यायची आहे.

आता थोडे आपल्याविषयी, म्हणजे मराठी मुसलमानांविषयी. 'जकात' हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरत आलो. नाक्यावरची जकात गेली. धर्माची जकात आहे आणि राहील. ती ज्यांना द्यायची त्या आठ प्रकारच्या लोकांत एक आहे इब्नुस्सबील, म्हणजे मुसाफिर. घरी तो खातापिता असला तरी वाटेत अडकला असेल, तर त्याचा हक्क आहे. सफरीत असलेल्याला नमाज कसर करण्याची सवलत आहे, रोजा पुढे ठेवण्याची सवलत आहे. म्हणजे आपल्या दीनने मुसाफिराचे ओझे कमी केले. आपण काय करतो? बिहारहून, बंगालहून आलेल्याला 'ते लोक' म्हणतो. सफमध्ये खांद्याला खांदा लावून उभे राहतो आणि खोली देताना नको म्हणतो. 'त्यांच्यामुळे आपल्यावर संशय येतो' हे वाक्य आपल्या घरांतून मी पुष्कळदा ऐकले आहे. संशय घेणारा मात्र आपल्यात आणि त्यांच्यात फरक करत नाही. तो फक्त नाव वाचतो.

मशिदींच्या कमिट्यांत आम्हा बायकांना जागा नसते, म्हणून जे तिथे बोलायचे ते इथे लिहिते. कुदळवाडीपासून चाकणपर्यंत ज्या ज्या वस्तीत मजूर आहेत, तिथल्या मशिदीत जुम्म्यानंतर दोन तास एक टेबल लावावे. दोन पदवीधर मुले, एक लॅपटॉप, एक प्रिंटर. रेशन कार्डाचा इथला वापर, मुलाचा प्रवेश, नावाची दुरुस्ती, भाडेकरार, ई-श्रमची नोंदणी एवढी कामे तिथे व्हावीत. येणारा मुसलमान आहे की नाही हे विचारू नये. झारखंडचा आदिवासी आणि नांदेडचा मातंग यांच्या पिशवीतही तेच कागद असतात. टेबलावर कायद्याचे कलम 5 छापून ठेवावे आणि दाखला नसलेल्या आईच्या हातात त्याची प्रत द्यावी. आईबरोबर शाळेत एक माणूस जावा. भांडायला नाही, सोबतीला.

शासनाकडून मागायचे तेही फार मोठे नाही. परराज्यातल्या दाखल्यावर प्रतिस्वाक्षरी हवीच असेल, तर ती आणण्याची जबाबदारी शाळेवर आणि खात्यावर असावी, ई-मेलने, पालकावर नसावी. नावातल्या अक्षरांचा फरक मुख्याध्यापकाच्या पातळीवर, आई-वडिलांच्या साध्या लेखी निवेदनावर दुरुस्त व्हावा, आणि तो दहावीच्या आधी व्हावा. आडनाव नसेल तर रकाना रिकामा ठेवता यावा. आणि स्थलांतरित कामगारांच्या कायद्याची अंमलबजावणी व्हावी. 1979 च्या कायद्यात ठेकेदाराने मजुराला फोटोसह पासबुक द्यायची तरतूद होती. ते पासबुक सर्वांना मिळाले असते तर 15 वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा आज प्रत्येकाच्या खिशात असता. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याच्या जागी नवी कामगार संहिता लागू झाली आहे. तिच्यात गावी जाण्या-येण्याच्या भाड्याची तरतूद आहे, रेशन गावी किंवा कामाच्या ठिकाणी घेण्याची मुभा आहे. चाकणच्या ठेकेदारांना ती ठाऊक आहे का, आणि ज्या कंपन्यांसाठी ते माणसे पुरवतात त्या कंपन्या विचारतात का, हे कामगार खात्याने गेटवर जाऊन पाहावे.

कंपन्यांना हे अवघड नाही. कुठला भाग कुठल्या बॅचचा, कुठल्या दिवशी कुणाकडून आला, याची नोंद त्या ठेवतात. एखादा बोल्ट सदोष निघाला तर तो कुठल्या गाडीत गेला हे शोधून काढतात. मग तो बोल्ट आवळणारा कुठल्या जिल्ह्यातून, कधी आला, किती वर्षे इथे काम केले, हे एका कागदावर लिहून, सही-शिक्का मारून त्याच्या हातात देणे जमणार नाही असे नाही. येत्या जूनमध्ये शाळेच्या टेबलाशी येणाऱ्या आईच्या पिशवीत तेवढा एक कागद जास्त असला, तरी तिचे मूल त्याच दिवशी वर्गात बसू शकेल.